दोन ते आठ

मुहर्रकच्या आमच्या गल्लीवरून
विमान इतकं खालून जायचं
की कुंजुमोनच्या कोल्ड स्टोरमधल्या बरण्या
काचेला काच लागून किणकिणायच्या.
इथं वाणसामानाच्या दुकानालाच कोल्ड स्टोर म्हणतात.
पहिल्या वर्षी जुलेखाला फोनवर सांगितलं,
कोल्ड स्टोरमधून कांदे आणले,
तर म्हणाली, कांदे कशाला गोठवता तुम्ही लोक?

वर्षभर बरण्या गप्प आहेत.

मी फ्रिजचा माणूस.
दाभोळच्या जेटीवर सुरमईच्या पेट्यांत बर्फ भरत शिकलो,
इथं मॉलचे, हॉस्पिटलचे,
एकदा मयतांच्या खोलीचेही
कॉम्प्रेसर उघडून बसलो.
आता बोलावणं आलं ते लशीच्या खोलीसाठी.
सुपरवायझर म्हणाला, परकार, दोन ते आठ अंश.
त्याच्या खाली गेली की वाया,
वर गेली की वाया.
म्हटलं, साहेब, आमच्या खाडीतल्या कोळंबीचे नखरेही असेच.
तो हसला नाही.

रात्री दर तासाला आकडा वहीत लिहितो.
चार पॉइंट एक. चार पॉइंट तीन.
कुणीतरी दार उघडलं, पाच.
बाटल्या अंगठ्याएवढ्या.
एवढ्याशा बाटलीतून
आख्खं विमान कसं बाहेर पडणार
ते या वहीत लिहायला रकाना नाही.

खोलीवर मात्र सगळ्यांना सगळं ठाऊक.
मफिजुल म्हणतो, दोन सुया, की तिसऱ्या दिवशी तिकीट.
धनबहादूर म्हणतो, जायला देतील रे,
परत कोण घेणार?
कुंजुमोनचा भाऊ कोट्टयमला दोन्ही सुया टोचून बसलाय,
पण तिकडच्या लशीचं नाव इथल्या यादीत नाही.
आतलं औषध तेच म्हणे,
फक्त बाटलीवरचं नाव निराळं.
बाकीचे हसले. मी नाही हसलो.
पासपोर्टवर मी मुनाफ, इथल्या कार्डावर मोनाफ,
त्या एका उकारापायी
अडीच तास खिडकीपुढं उभा राहिलेला माणूस मी.

सूटकेस पलंगाखाली भरलेलीच आहे.
दूध पावडरची तारीख उलटली,
ती धनबहादूरनं चहात संपवली.
अत्तर उडालं थोडं.
बूट राहिले. अठ्ठावीस नंबर, जांभळे, चिकटपट्टीचे.

मागच्या शुक्रवारी नौशीनला म्हटलं,
गणिताच्या वहीवर पाय ठेव,
भोवती पेन्सिल फिरव,
चौकोन मोज.
ती मोजत बसली. एकोणीस.
मग म्हणाली, थांबा अब्बा,
अंगठा दुमडलेला होता. वीस.

मीही तसलीच वही आणली.
पण इथला चौकोन मोठा की तिथला,
फोनवर कसं कळावं?

काल माझी पहिली सुई झाली.
नर्सनं बाटली काढायला खोलीचं दार उघडलं
आणि तशीच बोलत उभी राहिली कुणाशी.
मी बाही वर करून बसलेलो,
नजर भिंतीवरच्या मीटरवर.
सहा. सहा पॉइंट चार.
सिस्टर, दार, म्हणालो मी,
आधी दार लावा.
तिला वाटलं मी घाबरलो.
हात सैल सोडा, म्हणाली.

संध्याकाळी बरण्या वाजल्या.
अख्खी गल्ली रस्त्यावर,
मफिजुल साबणाच्या हातानं तसाच.
मालवाहू होतं. पोटाखाली दिवा, खिडकी एकही नाही.
काहीतरी घेऊन आलं असेल,
किंवा कुणाला पेटीत घालून घेऊन जात असेल,
तशांना यादी लागत नाही.
कुंजुमोननं एका बरणीवर तळवा ठेवला
आणि बराच वेळ काढला नाही.

मी सुईचा हात सांभाळत बाजारात गेलो.
एकतीस द्या म्हटलं, नाहीतर बत्तीस.
दुकानदार म्हाताऱ्या पद्धतीचा माणूस,
मुलीचं वय विचारलं, मग विचारलं,
जाणार कधी?
त्यावर नंबर ठरतो, म्हणाला.

दोन्ही खोकी काउंटरवर उघडी.
मागं रांग लागलेली, दोन-दोन हातांच्या अंतरानं.